बीपीची गोळी आणि मिरचीचा हंगाम

नर्स म्हणून लागले तेव्हा माझ्या रजिस्टरांत तीनच गोष्टींना मान होता: बाळंतपण, लसीकरण आणि मलेरियाच्या स्लाइड. निवृत्त झाले तेव्हा निम्मी पानं बीपी, शुगर आणि कॅन्सरच्या तपासणीनं भरलेली होती. मधल्या काळात सिल्लोड तालुक्यातली आजारपणं बदलली, कार्यक्रमांची नावं बदलली, उपकेंद्राच्या भिंतीवरच्या पाट्या बदलल्या. कुठला आजार टाळायचा हे दिल्ली-मुंबईत ठरतं. तो टळणार की नाही, हे मात्र गावाचा कामाचा दिवस कसा जातो त्यावर असतं, हे मी गोळेगावपासून अंधारीपर्यंत फिरताना पुन्हा पुन्हा पाहिलं. उभ्या नोकरीत अनुक्रमांक टाकल्याशिवाय काही लिहिलं नाही, म्हणून इथेही आकडे टाकते.

१. शिबिराची वेळ मिरची ठरवते

सिल्लोड म्हटलं की बाहेरच्याला अजिंठ्याचा रस्ता आठवतो, बाजारातल्या माणसाला हिरवी मिरची. एप्रिल-मेच्या उन्हात मल्चिंग अंथरून ठिबकवर रोपं लावायची आणि पाऊस सुरू झाला की तोडा धरायचा. पुढचे तीन-चार महिने गावातली धडधाकट बाई सकाळी सातला वावरात जाते ती दिवस मावळायला घरी येते. मिरची आटोपते न आटोपते तोच मका, आणि दसऱ्याच्या आगेमागे कापसाची वेचणी. आमची शिबिरं मात्र सकाळी दहाला, शाळेत नाहीतर मारुतीच्या पारावर. सतरंजी, टेबल, बॅनर. राष्ट्रीय कार्यक्रमाला हवी असतात तिशीपुढची सगळी माणसं. समोर बसलेली असायची सत्तरीपुढची, आणि तीही तीच ती. एक आजोबा प्रत्येक शिबिराला हजर. बीपी मोजून घ्यायचे आणि "मागच्या बाईनं जास्त सांगितला व्हता" अशी तक्रार करून चहा पिऊन जायचे.

म्हणून आम्ही मशीन उचलून मिरचीच्या खरेदीवर नेलं. दुपार कलली की टेम्पो आणि ॲपेरिक्षा यायला लागतात. पोती उतरतात, व्यापारी मिरची मोडून बघतो, भाव फुटतो, आणि मग काट्यावर नंबर लागेपर्यंत शेतकऱ्याला काही काम नसतं. तेवढा वेळ आम्हाला पुरायचा. उपकेंद्राची पायरी जन्मात न चढलेले तिशी-चाळिशीतले पुरुष आपण होऊन बाही वर करायचे, कारण शेजारच्यानं केलेली असायची. कोणाचा आकडा जास्त निघतो यावर चहाची पैजही लागायची.

तिथे एक पथ्य पाळावं लागतं. खांद्यावरून पोतं टाकून आलेल्या माणसाचा बीपी लगेच मोजायचा नाही. पाच मिनिटं पाठ टेकवून बसवायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, बोलणं बंद. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको. ही शेवटची अट पाळलेला माणूस बाजारात सापडणं कठीण, म्हणून १४०/९० च्या वर आकडा दिसला तरी त्याच संध्याकाळी शिक्का मारायचा नाही, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन पुन्हा मोजायचा. घाईत मोजला की एकतर माणूस उगाच धास्ती घेतो, नाहीतर पुढच्या वेळी नॉर्मल निघाला म्हणून त्याचा मशीनवरचाच विश्वास उडतो.

बायका खरेदीवर फारशा येत नाहीत. त्यांच्यासाठी चौक गाठायचा, पहाटे मजुरांची गाडी भरते तिथे. टोळीची जी म्होरकी असते तिला आधी पटवायचं. ती म्हणाली "मोजून घ्या गं पटापट", की ड्रायव्हरनं कितीही हॉर्न वाजवू द्या.

२. पहिली गोळी सोपी, पुढच्या अवघड

बीपी दुखत नाही, हेच त्याचं सगळ्यात वाईट. पहिल्या महिन्याच्या गोळ्या माणूस भीतीपोटी घेतो. मग आकडा खाली येतो आणि तो सांगतो, "बीपी गेला मव्हा." गोळी आहे म्हणून आकडा खाली आहे, हे त्याला पटवणं हे आमचं खरं काम, आणि त्याचा रकाना कुठल्याच रजिस्टरात नसतो. पुढे कधीतरी एका बाजूचा हात लुळा पडतो, मग गाडी करून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यायचं. गाडीचं भाडं, दोन माणसांची रोजी आणि नंतरची फिजिओथेरपी धरली, तर जन्मभराच्या गोळ्या त्यात येऊन उरतील. आणि त्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट आहेत.

देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा असे चार जिल्हे घेतले होते. त्याची युक्ती साधी होती. डॉक्टर बदलला तरी न बदलणारा ठरलेला औषधक्रम, घराजवळ मिळणारी गोळी, रुग्णाच्या हातात कार्ड, आणि महिनाभर न फिरकलेल्याचा शोध. ह्या चारांतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची दुसरी. गोळी घ्यायला पाच-सात किलोमीटरवर जायचं म्हणजे तोड्याच्या दिवसांत रोजी बुडते, आणि रोजी बुडवून कोणी न दुखणाऱ्या आजाराची गोळी आणत नाही. आशाताईनं तीच स्ट्रिप घरी आणून दिली की तोच माणूस वर्षानुवर्षं औषध घेतो. तो सुधारला असं नाही, त्याचं अंतर कमी झालं.

दसऱ्यानंतर वाड्या-तांड्यांवरची काही कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्यांना महिन्याच्या गोळ्या देऊन काय होणार? निदान तीन महिन्यांच्या द्यायला हव्यात. साठ्याच्या नियमात बसवायला मला दर वेळी भांडावं लागलं, आणि निवृत्तीनंतर ऐकते ते असं की अजूनही भांडावं लागतं.

पळशीकडच्या एका मावशींनी गोळ्यांची स्ट्रिप मिठाच्या बरणीला रबरबँडनं बांधून ठेवली होती. स्वयंपाकाला बरणी उचलली की गोळी आठवते, आणि गोळी आठवली की मीठही हात राखून पडतं. ही अक्कल कुठल्या माहितीपत्रकात नाही.

३. ठेचा बंद करा असं सांगणाऱ्याला गावात कोणी विचारत नाही

जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे एक चमचा. आपल्या देशातल्या पाहणीत ते आठ ग्रॅमच्या आसपास निघालं. मिरचीच्या पट्ट्यात त्याचं कारण पाट्यावर दिसतं: मिरची जितकी जहाल, तितकं मीठ जास्त लागतं. मी सांगायचे, ठेच्यात शेंगदाणा वाढवा, मिरची कमी करा, मीठ आपोआप उतरेल. भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ घालू नका. लोणचं आणि पापड एकाच ताटात नको. घाम गाळणाऱ्याला मीठ जास्त लागतं ही समजूत पुरुषांत पक्की असते; त्यांना म्हणायचे, पाणी जास्त प्या, मीठ भाजीतून जातं तेवढं पुरतं. ऐकणारे निम्मे.

४. तोंड उघडायला लावा

"मावशी, तंबाखू खाता का?" असं विचारलं तर उत्तर 'नाही'. "दात कशानं घासता?" असं विचारलं की कमरेची डबी निघते. मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरडीला लावायची. सकाळी एकदा, दुपारच्या भाकरीनंतर एकदा, निंदणीत कंबर धरली की आणखी एकदा. सासूची सवय बहुधा पहिल्या बाळंतपणात सुनेला लागते. दुखतंय म्हटलं की घरातलं पहिलं औषध तेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांकडे तंबाखू सापडली, पुरुषांत ३५.५ आणि बायकांत १७ टक्के. त्यातही बिडी-सिगारेट थोडी, बहुतेक सगळी तोंडात धरायची. म्हणून आपल्याकडचा कॅन्सर पुष्कळदा गालाच्या आत सुरू होतो.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर दोन पुड्या मिळतात, एक मसाल्याची आणि एक तंबाखूची, आणि कालवायचं काम गिऱ्हाईक करतं. बंदीचं पुढे काय झालं ते कुठल्याही बसस्टँडच्या कोपऱ्यातल्या भिंतीला विचारा.

तोंडाच्या तपासणीला यंत्र लागत नाही. मोबाइलचा टॉर्च आणि माणसाची स्वतःची बोटं पुरतात. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगायचं. तिन्ही आत गेली तर बरं. दोनच गेली तर तोंड आवळायला लागलंय. एका टपरीवर टेम्पोचालक पोरगा भेटला, जेमतेम पंचविशीचा. त्याला हे करून दाखव म्हटलं तर दीड बोट गेलं. मित्र हसले, तोही हसला. मग त्यानं सांगितलं की पाणीपुरी आता तोंडात मावत नाही, आणि घरी त्याच्यापुरती भाजी वेगळी काढतात, बिनतिखटाची, कारण तिखट लागलं की गालाला आग होते. मिरचीच्या गावातला पोरगा बिनतिखट जेवत होता आणि ते लक्षण आहे हे घरात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सुपारी आणि गुटख्यानं गालाच्या आतली कातडी ताठर होते. ती पूर्ववत होत नाही, पण पुडी सुटली तर पुढचं पुष्कळ टळतं. त्याला तिथेच दुचाकीवर बसवून उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्याकडे पाठवलं. उद्या जातो म्हणणारा कधीच जात नाही.

बघायच्या जागा ठरलेल्या: चिमूट ठेवतात ती खालच्या ओठाची आतली बाजू, दोन्ही गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जमीन. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून वाईट म्हणजे लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम. यातलं काहीही दिसलं तर संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथे पुष्कळ जण जातात, पण फार उशिरा.

५. पडदा आधी, तपासणी मग

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल मराठवाड्याने जगाला शिकवलं आहे आणि मराठवाड्यालाच ते माहीत नाही, याची मला गंमतही वाटते आणि चीडही येते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. पुढे बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक आणि कॅन्सरवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मोठा अभ्यास हाती घेतला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी तपासणी करून आठ वर्षं मागोवा घेतला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला: ज्या गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. नऊवारी नेसणाऱ्या, वावरात राबणाऱ्या बायकांच्या सहभागातून निघालेलं हे उत्तर आज जगभर धोरणात वापरतात.

उपकेंद्रात मात्र आमच्या हाती असतं ते सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचं द्रावण. ते गर्भाशयाच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारकाने हीच तपासणी दोन-दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ही एकदाच करून विसरायची गोष्ट नाही.

आता व्यवहार बोलते. बाई तपासणीला येत नाही त्याची कारणं अज्ञान, लाज वगैरे लिहायची पद्धत आहे. मला दिसलेली कारणं वेगळी. खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. टेबलाशेजारी फाइली घेऊन पुरुष कर्मचारी ये-जा करायचा. कडी आतून लागत नव्हती. खिडकीला जुनी साडी दुहेरी करून लावली, कडी बसवून घेतली, आणि दारात आशाताईला स्टूल टाकून बसवलं. त्यानंतर बायका जोडीनं यायला लागल्या, एकटी कधीच नाही. सिल्लोड शहरातल्या मोहल्ल्यात तर आधी खालाजान येऊन खोली बघून गेल्या, कोण तपासणार ते विचारून गेल्या, मग दुसऱ्या दिवशी सुना-भाच्यांना घेऊन आल्या. ही लाज नव्हती, चौकशी होती, आणि ती रास्तच होती.

२०२२ च्या नवरात्रात राज्याने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहीम काढली, अठरा वर्षांपुढच्या सगळ्या बायकांच्या तपासणीसाठी. उपवासाच्या दिवसांत शुगर आणि हिमोग्लोबिन बघायचा मुहूर्त कोणी शोधला असेल असं आम्ही आपापसांत बोललो. पण एक झालं. देवीला जायचं म्हणून त्या दिवसांत सासरी कोणी अडवत नाही. देवीला निघालेली बाई वाटेत उपकेंद्रात बसून जायची.

६. लाल गोळीचं भांडण चहाशी

महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तानं कमी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये नोंदवलं. त्याआधीच्या पाहणीत हे आकडे ४८ आणि ५३.८ होते. म्हणजे गोळ्या वाटल्या गेल्या आणि रक्त उतरलं. गरोदर बाईला लोहाच्या १८० गोळ्या द्यायच्या, बाळंतपणानंतर आणखी १८०. त्या दिल्या जातात. कपाटाच्या वरच्या खणात साठतातही. घेतल्या की मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि सासू म्हणते गोळीनं पोर काळं होईल. मी सांगायचे: रात्री जेवल्यावर घ्या, झोपेत मळमळ कळत नाही. जेवणात लिंबू पिळा. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको; चहा लोह अंगी लागू देत नाही. वावरातल्या बाईला सकाळचा आणि दुपारचा चहा सोडायला सांगण्यापेक्षा गोळी रात्री नेणं सोपं.

पण रक्ताची गोष्ट गोळीपाशी सुटत नाही. त्याच पाहणीत राज्यातल्या विशीतल्या पाचांतल्या एकीहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, आणि मराठवाड्याचा त्यात वाटा मोठा आहे. स्वतः वाढत असलेल्या मुलीच्या पोटात बाळ वाढायचं, तर दोघांच्या वाट्याला अर्धं-अर्धं येणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत मातांचा आणि बाळांचा अभ्यास करून दाखवलं की आपलं बाळ वजनाला कमी, स्नायूंना कमी, पण चरबीला मात्र विलायती बाळाच्या मानानं कमी नसतं. असं बाळ मोठेपणी शुगरच्या वाटेला लवकर लागतं. म्हणून शुगर फक्त पोटवाल्या शेठजींची, हा समज सोडा. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरताना कंबरेचा घेर मोजतात तो यासाठी. बाईचा ऐंशी सेंटिमीटरपुढे, पुरुषाचा नव्वदपुढे गेला की गुण चढायला लागतात, मग दंड-मांड्या कितीही बारीक असोत.

ज्याला आपण म्हातारपणची शुगर म्हणतो तिची तजवीज पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीचं लग्न लावून होते. हे मी गावकीत उघड बोलायचे, आणि दोन-तीन घरांनी मला हळदी-कुंकवाला बोलावणं बंद केलं होतं.

७. ज्याच्या घरी पाणी आठवड्यानं येतं त्याला 'भांडी रिकामी करा' सांगू नका

डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. हे शंभर टक्के बरोबर आहे, आणि एप्रिलमध्ये टँकरवर जगणाऱ्या वाडीत हे बोलायला गेलात तर बाई आतून ड्रमचं झाकण तुमच्या दिशेनं फेकेल. २००६ साली मराठवाड्यात चिकनगुनिया पसरला तेव्हा माणसं सांधे धरून बसली होती, आणि आम्ही घरोघर 'पाणी ओता' म्हणत फिरत होतो. त्यावरून जे सुचलं ते असं: पाणी ओतायचं नाही, झाकायचं. ड्रमवर जुनं धोतर किंवा साडी बांधायची, वरून सुतळी. हौदात गप्पी मासे. आणि पाणी तळाला गेल्यावर नुसतं हिसळून चालत नाही, कडा घासायच्या, कारण अंडी पाण्याच्या वरच्या काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. काथ्यानं घासलेला ड्रम, एवढंच मागायचं. एवढं लोक देतात.

फडक्यानं आजार हरतो यावर विश्वास नसेल तर गावातल्या जुन्या माणसांना नारू विचारा. पायातून दोऱ्याएवढा जंत निघायचा, बारवेच्या पाण्यातून व्हायचा. लस नव्हती, औषध नव्हतं. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, पाणी गाळून पिणं आणि नारू झालेल्याला पाण्यात उतरू न देणं, एवढ्यावर देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

८. टीबीच्या घरात आधी डबे बघा

दोन आठवड्यांवरचा खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन. हे आता सगळ्यांना पाठ आहे. मी घरात गेले की पिठाचा आणि डाळीचा डबा बघायचे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन बघितला, तेव्हा त्या घरांत नव्यानं होणारा टीबी जवळपास चाळीस टक्क्यांनी घटला, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. सरकार रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. खातं चालू आहे का हे पहिल्याच आठवड्यात तपासा. नाहीतर उपचार संपतात आणि पैसे नंतर येतात. आणि ऊसतोडीला निघालेल्या रुग्णाला सांगा, निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीतला नंबर जवळ असला तर औषध कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतं. चिठ्ठी हरवते, म्हणून तो नंबर नवरा-बायको दोघांच्या मोबाइलमध्ये घालून द्या.

९. फवारणी हाही आजारच आहे

राष्ट्रीय कार्यक्रमांच्या यादीत हिचं स्वतंत्र पान नाही. आमच्याकडे तिचा रुग्ण मिरचीवर फुलकिडा आला की येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा काही महिने सगळीकडे मास्क आणि हातमोजे वाटले गेले. ऑगस्टच्या दमट उकाड्यात ते घालून पाठीवर पंप घेऊन अर्धा तास चालून दाखवा, मग शेतकऱ्याला बेफिकीर म्हणा. मी मागायचे ते जमण्यासारखं: पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, तोंडाला ओला नव्हे तर कोरडा रुमाल, औषध कालवायला काठी, हात नाही. उपाशीपोटी फवारायचं नाही, फवारताना तंबाखूच्या डबीला हात लावायचा नाही. वारा अंगावर येईल अशी ओळ धरायची नाही. गळका पंप त्या दिवशी बाजूला ठेवायचा, कारण पाठीवरून झिरपलेलं औषध कातडीतून आत जातं आणि माणसाला वाटतं घामच आहे. ते कपडे घरच्या धुण्यात नकोत.

तोडणाऱ्या बायकांचं कोणी बोलत नाही. सकाळी फवारलेल्या वावरात दुपारी तोडा लावला की त्यांच्या उघड्या हातांना, कडेवरच्या पोराला तेच लागतं. डब्यावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते लिहिलेलं असतं. मजूर बाईनं मालकाला ते विचारायचं धाडस करावं म्हणून मी टोळ्यांच्या म्होरक्यांना डब्यावरचे त्रिकोण ओळखायला शिकवले. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल किंवा पिवळा दिसला तर आज तोडा नाही, असं एका टोळीनं खरंच सांगितलं होतं. मालक चिडला, आणि दोन दिवसांनी त्याच टोळीला बोलावणं आलं.

फवारणी केलेल्या माणसाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलटी, छातीत दाटल्यासारखं आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, असं दिसलं तर लिंबू-सरबत, ताक, कांदा यांत वेळ घालवू नये. अंगावरचे कपडे काढून साबणानं अंग धुवावं, १०८ ला फोन लावावा, आणि औषधाचा डबा सोबत आणावा. डबा सापडला नाही तर दुकानाच्या पावतीवर औषधाचं नाव असतं, ती आणावी. आत काय गेलंय ते समजलं तर डॉक्टरचा वेळ वाचतो.